वायूचा पहारेकरी आणि त्याची खोटी हांक

महाराष्ट्र शासनाच्या पर्यटन विभागानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें. ज्या ठिकाणीं हॉटेल नाहीं, धर्मशाळा नाहीं, नवें पक्कें बांधकाम करावयाचें तर परवानगी मिळणेंहि कठीण, अशा डोंगरांत व रानांत प्रवाशानें आपलें बिऱ्हाड चाकांवर घेऊनच जावें, ही त्यामागील कल्पना. तेव्हांपासून अशा गाड्यांचें नांव आमच्या जालन्याकडेहि ऐकूं येऊं लागलें आहे. कोणी गाडी भाड्यानें घेतो. कोणी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर विकत घेऊन सुताराकडून तींत बांकें, कपाटें आणि ओटा बसवून घेतो, आणि मुलाबाळांसह कोंकणांत नाहीं तर ताडोब्याकडे निघतो. हौस चांगली आहे. या वयांत मला तिचा थोडासा हेवाच वाटतो. परंतु या गाडीच्या एका लहानशा रहिवाशाविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. दाराशेजारीं, जमिनीपासून वीतभर उंचीवर, भिंतींत एक पानाच्या डब्याएवढी पेटी बसविलेली असते. तिच्या तोंडावर जाळी असते व एक हिरवा दिवा रात्रंदिवस तेवत असतो. बाजारांत हिला गॅस डिटेक्टर किंवा गॅस अलार्म म्हणतात. मी या भाषणापुरतें तिला वायुसूचक म्हणतों. आजचें बोलणें या पेटीविषयीं, आणि विशेषतः ती उगाच ओरडूं लागली म्हणजे काय समजावें याविषयीं आहे.

घरांतील स्वयंपाकघर आणि ही गाडी यांत एक मोठा भेद आहे. घरीं चूल एका खोलींत असते आणि निजणें दुसऱ्या खोलींत. आमच्या मस्तगडांतील जुन्या माळवदी घरांत तर चुलीच्या वर धुरासाठीं छताला भोंक ठेवलेलें असे, आणि दारें-खिडक्या इतक्या सैल कीं पावसाळ्यांत फटींत गोणपाट कोंबावें लागे. कॅराव्हॅनमध्यें शेगडी, सिलिंडरची नळी, बिछाना, दिवे, बॅटरी आणि चार जीव हे सर्व एकाच खोलींत असतात. आणि थंडी, धूळ व डांस यांच्या भयानें ती खोली रात्रीं घट्ट लावून घेतलेली असते.

आतां थोडा हिशेब करूं. शाळामास्तराला हिशेबावांचून चैन पडत नाहीं. पांच मीटर लांब, दोन मीटर रुंद व दोन मीटर उंच अशी गाडीची आंतली जागा धरा. ती वीस घनमीटर, म्हणजे वीस हजार लिटर झाली. स्वयंपाकाचा गॅस हवेंत शेंकडा दोन भागांच्या सुमारास मिसळला कीं तें मिश्रण ठिणगीनें पेटूं शकतें. वीस हजारांचे शेंकडा दोन म्हणजे चारशें लिटर. सिलिंडरांतील पातळ गॅस बाहेर पडतांच फुगतो. एका किलोचा सुमारें साडेचारशें लिटर वायु होतो. म्हणजे १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरांतून एक किलोहि नाहीं इतका गॅस झिरपला, तर सगळी गाडी पेट घेण्याच्या योग्यतेची होते. आणि हा हिशेब वायु सगळीकडे सारखा पसरला असें धरून केला. वस्तुतः तो हवेपेक्षां दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळें पाण्यासारखा खालीं सांचतो. जमिनीलगतचा थर त्यापूर्वींच धोक्याचा होतो. बिछानाहि तेथेंच, आणि पहांटे चहासाठीं ओढलेली काडीहि तेथेंच पडते. वायुसूचक वीतभर उंचीवर बसविण्याचें कारण हेंच. शहरांत नळानें येणारा गॅस मात्र निराळा. तो हवेहून हलका असतो, म्हणून तेथें पेटी छताजवळ लावतात. एकाची पेटी दुसऱ्याच्या जागीं लावली तर ती असून नसल्यासारखी.

आपणांस वाटेल कीं हा श्रीमंतांच्या हौशेचा प्रश्न आहे, आपला नव्हे. तसें नाहीं. आषाढी वारीच्या दिंड्यांबरोबर ट्रक जातात. त्यांत भांडीं, शिधा, शेगड्या व सिलिंडर असतात, आणि पाऊस आला म्हणजे थकलेलीं माणसें त्याच ट्रकांत ताडपत्रीखालीं आडवीं होतात. चाकांवरचें बिऱ्हाड आपल्याकडे फार जुनें आहे. कपाटें आणि पडदे तेवढे नवे. २६ ऑगस्ट २०२३ रोजीं पहांटे तामिळनाडूंत मदुराई येथें यात्रेकरूंचा एक खासगी रेल्वे डबा बाजूच्या रुळावर उभा होता. नियमाविरुद्ध डब्यांत सिलिंडर आणलेला होता; चहा करण्याच्या खटपटींत आग लागली आणि नऊ माणसें मृत्युमुखीं पडलीं. बंद डबा, निजलेलीं माणसें आणि आंत सिलिंडर, या तीन गोष्टी जेथें एकत्र येतात तेथें हा विषय आलाच.

कोणी म्हणेल, गॅसला वास येतो, मग पेटी कशाला? मूळच्या गॅसला जवळजवळ वास नसतो. जो कुजक्या कोबीसारखा उग्र दर्प येतो तो एथिल मर्कॅप्टन नांवाच्या द्रव्याचा; तें मुद्दाम मिसळलेलें असतें. ही चाल रूढ होण्यामागें एक भयंकर प्रसंग आहे. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत न्यू लंडन नांवाच्या गांवीं १८ मार्च १९३७ रोजीं, शाळा सुटावयास थोडाच वेळ असतां, इमारतीच्या तळाशीं सांचलेला बिनवासाचा नैसर्गिक वायु पेटला आणि सुमारें तीनशें मुलें व शिक्षक दगावले. मुलांचीं डोकीं दुखत असल्याच्या तक्रारी त्यापूर्वीं होत्या, असें सांगतात. पण वायु दिसत नव्हता आणि त्याला वासहि नव्हता. आयुष्य शाळेंत काढलेल्या माणसाला ही हकीकत वाचून झोंप येणें कठीण. त्याच वर्षीं टेक्सासनें वायूंत वास मिसळण्याचा कायदा केला आणि ती पद्धत पुढें जगभर गेली.

तरीहि नाकावर सर्वस्वीं भिस्त ठेवतां येत नाहीं. एकच वास सतत येत राहिला तर नाक त्याला सरावतें. म्हातारपणीं वासाची जाण मंदावते, पडशानें बंद होते, कोरोनाच्या सांथींत कित्येकांची कांहीं काळ पार गेली होती. आणि मुख्य म्हणजे झोंपलेलें नाक जागें करीत नाहीं. कान करतात. म्हणून वासाचें रूपांतर आवाजांत करणारी पेटी हवी.

अशी पेटी नव्हती तेव्हां माणसानें काय केलें? विलायतेंत कोळशाच्या खाणींत जळणारा वायु सांचे. त्याची परीक्षा हम्फ्री डेव्ही यानें १८१५ सालीं केलेल्या जाळीच्या दिव्यानें होई. वायु असला तर दिव्याच्या ज्योतीभोंवतीं निळसर टोपी दिसे. दुसरा एक विषारी वायु होता, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. त्यासाठीं हाल्डेन नांवाच्या शास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून पिंजऱ्यांत कॅनरी पक्षी नेऊं लागले. माणसाआधीं पक्षी कोलमडे. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी १९८६ सालीं सुटले. हे दोन निरनिराळे वायु व त्यांचे दोन निरनिराळे पहारेकरी आपण लक्षांत ठेवावे. पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

आजच्या वायुसूचकाचें काळीज म्हणजे कथिलाचें ऑक्साइड. कथिल म्हणजे तेंच, ज्यानें आपल्या पितळी भांड्यांना कल्हई होते. नाओयोशी तागुची या जपानी संशोधकानें १९६२ सालीं या पदार्थावर आधारलेल्या युक्तीच्या पेटंटासाठीं अर्ज केला, आणि त्याच दशकांत ती घरगुती उपयोगासाठीं तयार होऊं लागली. युक्ति अशी: पेटींत कथिलाच्या ऑक्साइडाचा एक बारीक ठिपका असतो आणि त्याच्याखालीं एक सूक्ष्म विजेची शेगडी त्याला सतत तापवीत असते. तापलेल्या पृष्ठावर हवेंतील प्राणवायु येऊन चिकटतो आणि विजेचे कण धरून ठेवतो. त्यामुळें ठिपक्यांतून वीज सहज वाहत नाहीं. जळणारा वायु जवळ आला कीं तो त्या प्राणवायूशीं संयोग पावतो, धरलेले कण सुटतात, आणि वीज वाहूं लागते. ती ठराविक मर्यादेपलीकडे वाहिली कीं भोंगा वाजतो. चांगल्या पेटीची बांधणी अशी असते कीं गॅस पेटण्याजोगा होण्यास जें प्रमाण लागतें त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आंतच तिनें ओरडावें.

या वर्णनांत सगळी ग्यानबाची मेख आहे. ठिपक्याला गॅस ‘ओळखतां’ येत नाहीं. आपल्या अंगावरचा प्राणवायु कोणी तरी खाल्ला एवढेंच त्याला कळतें. खाणारा प्रोपेन असो, दारूचा अर्क असो, टर्पेंटाइन असो कीं हात धुण्याचें स्पिरिटयुक्त द्रव असो. सगळे त्याला सारखेच.

लहानपणीं आपण सर्वांनींच ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट ऐकली आहे, आणि खोटा भोंगा वाजला कीं लोक तिचाच दाखला देतात. मला हा दाखला चुकीचा वाटतो. गोष्टींतला पोरगा लबाड होता. लांडगा नाहीं हें त्याला ठाऊक होतें. वायुसूचकाला लबाडी साधत नाहीं. तो ओरडला म्हणजे कांहीं तरी खरोखरच आलें आहे. तें लांडगा नसेल, तरस असेल, शेजाऱ्याचा कुत्रा असेल. काय आलें हें पाहणें हें गांवकऱ्यांचें काम. हा भेद न समजल्यामुळें पुष्कळ ठिकाणीं पहिल्या-दुसऱ्या खोट्या हांकेनंतर लोक पेटीची तार तोडतात किंवा तिच्या तोंडावर चिकटपट्टी लावतात, आणि मग त्या चाकांवरच्या घराला पहारेकरीच उरत नाहीं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत सांगतों. त्यानें दुसऱ्याच्या हातची एक कॅराव्हॅन घेतली आणि कुटुंबासह लोणारास गेला. एका विश्रामगृहाच्या आवारांत गाडी उभी करून तिला बाहेरून विजेची जोडणी केली आणि सर्व निजले. पहांटे तीनच्या सुमारास पेटीनें किंकाळी फोडली. त्यानें मुलांना बाहेर काढलें, दार सताड उघडलें, सिलिंडरची चावी बंद केली. सकाळीं साबणाचें पाणी करून नळीच्या प्रत्येक जोडाला लावून पाहिलें. एकहि बुडबुडा आला नाहीं. दुसऱ्या रात्रीं सिलिंडर मुळांतच बंद असतां पुन्हां तीच किंकाळी. तिसऱ्या दिवशीं घरांतल्या माणसांनीं ती पेटी उपटून टाकण्याचा ठराव पास केला होता. पण हा मूळचा चौकस. सिलिंडर बंद असतांहि ओरडते तर काय हुंगते, असा प्रश्न त्यानें स्वतःला विचारला. जालन्यास परत आल्यावर मिस्त्रीनें बिछान्याखालचें फळकुट काढून पाहिलें, तों बॅटरी फुगलेली व तापलेली. बॅटरी म्हातारी झाली होती आणि बाहेरची वीज मिळतांच चार्जर तिला रात्रभर वाजवीपेक्षां जास्त वीज पाजीत होता. अशा वेळीं बॅटरींतील पाण्याचें पृथक्करण होऊन हायड्रोजन निघतो, आणि हायड्रोजन हा स्वयंपाकाच्या गॅसहून अधिक सहज पेट घेणारा आहे. तेव्हां ती हांक खोटी कोठें होती? नांव चुकलें होतें, संकट खरें होतें. बॅटरी बदलली आणि किंकाळी थांबली.

सर्वच वेळीं असें गंभीर कारण निघतें असें नाहीं. केंसांवर किंवा कांखेंत फवारा मारावयाच्या ज्या डब्या मिळतात, त्यांतील फवारा उडविण्यासाठीं बहुधा प्रोपेन व ब्यूटेन हेच वायु भरलेले असतात. म्हणजे बंद गाडींत अत्तराचा फवारा मारणें हें थोडासा गॅस सोडण्यासारखेंच आहे, आणि पेटीनें तसें सांगितलें तर तिचा काय दोष? डांस-झुरळांचा फवाराहि बहुतेक त्याच जातीचा. नव्या गाडींत पहिले कांहीं महिने प्लायवूड, डिंक, रंग आणि गाद्या यांच्यांतून वाफा निघत असतात. उन्हांत उभ्या केलेल्या बंद गाडीचें दार संध्याकाळीं उघडावें तों पेटी कोंकलते, याचें कारण पुष्कळदां तेंच असतें. मराठवाड्याचा मे महिना ज्यानें पाहिला आहे त्याला हें पटवून देण्याची जरुरी नाहीं. पावसाळ्यांत दमट हवेनेंहि ठिपक्याची वृत्ति थोडी बदलते. या सर्वांवर उपाय एकच आणि सोपा: दारें-खिडक्या उघडाव्या, वारा खेळूं द्यावा, आणि पेटीवर गप्प करण्याची कळ असेल तर ती मग दाबावी. वाऱ्यानें जी हांक थांबते आणि कारण सांपडतें, ती विसरून जावी. वारा खेळूनहि जी थांबत नाहीं किंवा पुन्हां पुन्हां येते, तिचा छडा लावल्यावांचून त्या गाडींत निजूं नये.

आणखी एक कटकट बॅटरीचीच, पण उलट बाजूची. पेटींतील शेगडी सतत जळत असल्यामुळें ती सतत वीज खाते. बारा व्होल्टच्या बॅटरीवर शंभर मिलिअँपियर जरी धरले, तरी दिवसाला २.४ अँपियर-तास झाले. गाडी महिनाभर दारांत उभी राहिली तर सत्तरावर गेले. मध्यम बॅटरी तेवढ्यानें रिकामी होते. वीज कमी पडूं लागली कीं पेटी निराळ्या सुरांत कुरकुरते. तो गॅसचा इशारा नव्हे, भुकेचा आहे. मालक मात्र चिडून तार काढतात, आणि पुढच्या सहलीच्या दिवशीं ती जोडावयाचें विसरतात. गाडी उभी ठेवतांना सिलिंडर उतरवून ठेवला असेल तर वीज तोडण्यास हरकत नाहीं. परंतु तशी चिठ्ठी स्टिअरिंगच्या चाकाला बांधून ठेवावी, स्मरणशक्तीवर विसंबूं नये.

येथवर ओरडणाऱ्या पेटीविषयीं बोललों. आतां गप्प पेटीविषयीं, आणि माझ्या मतें हाच या विषयाचा गाभा आहे. वायुसूचकाला वय असतें. तो ठिपका रात्रंदिवस तापतो. त्याचे कण हळूहळू जाड होतात, त्यांच्यावर फोडणीच्या तेलाचा थर बसतो, धूळ बसते. खिडक्यांच्या फटी बुजविण्यासाठीं सिलिकोनचा मसाला वापरतात, त्याच्या वाफा तर ठिपक्याला विषासारख्या बाधतात. असा ठिपका म्हातारा झाला कीं दोहोंपैकीं एक होतें. एक तर तो हळवा होऊन कशानेंहि ओरडतो, किंवा बधिर होऊन कशानेंहि ओरडत नाहीं. हळवा झालेला लवकर बदलला जातो, कारण तो झोंप मोडतो. बधिर झालेला वर्षानुवर्षें तसाच राहतो. त्याचा हिरवा दिवा सुरेख तेवत असतो आणि घरांतलीं माणसें त्याच्याकडे पाहून निश्चिंत होतात. श्रोतेहो, तो हिरवा दिवा पेटीला वीज मिळते आहे एवढेंच सांगतो. ‘टेस्ट’ म्हणून जी कळ असते ती दाबल्यावर भोंगा वाजतो, यावरूनहि भोंगा व त्याच्या तारा ठीक आहेत एवढें कळतें. नाक शाबूत आहे हें बहुधा त्यावरून कळत नाहीं. आमच्या जालन्याची गढी १७२५ सालीं बांधलेली. तिच्या बुरुजावर आंधळा पहारेकरी उभा केला असता तर खालून पाहणाराला तो डोळस पहारेकऱ्याइतकाच रुबाबदार दिसला असता.

म्हणून निर्मात्यांनीं या पेटीला मुदत घालून दिलेली असते. ती बहुधा पांच ते सात वर्षांची असते. पेटी भिंतींतून काढून पाठ पाहिली तर तेथें बनविल्याची तारीख, किंवा अमुक तारखेपूर्वीं बदला, असें छापलेलें सांपडतें. कांहीं नव्या पेट्या मुदत भरली कीं स्वतःच सांगतात: ठराविक अंतरानें एक-एक चिवचिवाट करतात व दिव्याचा रंग बदलतात. माझ्या त्याच विद्यार्थ्याच्या गाडींत पुढच्या वर्षीं असें झालें. मागील अनुभवामुळें त्यानें आधीं बॅटरी तपासली, ती उत्तम. जोड तपासले, तेहि उत्तम. शेवटीं पेटी उपसून पाठ पाहिली, तर तिला सात वर्षें उलटून गेलीं होतीं. गाडी त्याच्याकडे आल्यापासूनचें वय तो मोजीत होता. पेटी गाडीइतकीच जुनी होती. जुनी गाडी विकत घेणारानें टायर आणि इंजिन पाहतां पाहतां ही पाठहि पाहून घ्यावी. गॅसची किंकाळी, भुकेची कुरकुर आणि म्हातारपणाचा चिवचिवाट या तिन्ही आवाजांची भाषा प्रत्येक कारखान्याची वेगळी असते. म्हणून पेटीबरोबर येणारा कागद टाकून न देतां कपाटाच्या दाराला आंतून चिकटवावा.

अमेरिकेंत अशा गाड्यांसाठीं एनएफपीए ११९२ नांवाची नियमावली आहे, आणि गॅस व निजण्याची सोय असलेल्या गाडींत वायुसूचक असलाच पाहिजे असें तींत सांगितलें आहे. तिकडे स्थायिक झालेलीं आपलीं मराठी कुटुंबें सुटींत भाड्याच्या गाड्या घेऊन हिंडतात, त्यांना ही पेटी आयतीच मिळते; पण ती किती वर्षांची आहे हें त्यांनींहि पाठ उलटून पहावें. इकडे सुताराकडून गाडी सजवून घेणारानें ती स्वतः विचारून बसवून घ्यावी लागते, आणि मला दिसतें कीं पडद्यांच्या रंगावर जितका वेळ जातो त्याच्या दशांशहि वेळ या विचारावर जात नाहीं.

कॅनरी पक्ष्याची आठवण ठेवावयास मीं सांगितलें होतें. स्वयंपाकाचा गॅस हुंगणारी पेटी कार्बन मोनॉक्साइड हुंगत नाहीं. हा वायु गळत नसतो, तर अपुऱ्या हवेंत जळण जळल्यानें उत्पन्न होतो: बंद न्हाणीघरांतील गॅसच्या गीझरपासून, खिडकीशीं लावलेल्या जनित्रापासून, थंडीसाठीं आंत आणलेल्या कोळशाच्या शेगडीपासून. न्हाणीघरांत गीझरमुळें माणसें गुदमरून दगावल्याच्या बातम्या आपण पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत वाचतों, त्या याच वायूच्या. त्याचें वजन जवळजवळ हवेइतकेंच असतें, म्हणून तो खालींच सांचेल असें नाहीं. त्याला दुसरी पेटी लागते, किंवा दोन्ही नाकें असलेली जोडपेटी. आणि तिचीहि मुदत असते.

आतां खरी हांक आली तर काय करावें हें सांगतों. पेटीनें किंकाळी फोडली कीं ती खरीच आहे असें धरूनच चालावें. खोटी होती हें नंतर बाहेर उभें राहून ठरवितां येतें. काडी ओढूं नये. दिव्याचें बटण लावूं नये आणि मालवूंहि नये, कारण दोन्ही वेळां ठिणगी पडते. गाडीचें इंजिन सुरू करूं नये. दारें उघडावीं, मुलांना व म्हाताऱ्यांना प्रथम बाहेर काढावें. वायु जड असल्यामुळें खिडकीपेक्षां जमिनीपर्यंत उघडणारें दार अधिक उपयोगी; म्हणूनच चांगल्या गाडींत सिलिंडराच्या कप्प्याला तळाशीं बाहेर उघडणारीं भोंकें ठेवलेलीं असतात. तीं चिखलानें किंवा सामानानें बुजूं देऊं नयेत. सिलिंडराची चावी बाहेरून बंद करावी, आणि गाडीपासून दूर जाऊन १९०६ या क्रमांकावर दूरध्वनि करावा. गॅसगळतीच्या तक्रारीसाठीं तो चोवीस तास चालू असतो. गळती शोधणें तें साबणाच्या पाण्यानें, काडी पेटवून कधींहि नव्हे. सिलिंडर नेहमीं उभाच ठेवावा. आडवा ठेवला तर नळींत वायूऐवजीं पातळ गॅस शिरतो.

पेटी बदलण्याचें काम अवघड नाहीं. जुनी पेटी किती व्होल्टची हें आधीं पहावें; घरांतली २३० व्होल्टची पेटी गाडीच्या बारा व्होल्टवर चालावयाची नाहीं. पेटी स्वयंपाकाच्या गॅससाठींच आहे ना, हेंहि तिच्या खोक्यावर वाचून घ्यावें. सिलिंडर बंद करावा, पेटीचा फ्यूज काढावा, तारांचे रंग कागदावर लिहून घ्यावे, आणि धन तार धनाला व ऋण तार ऋणाला जोडावी. कांहीं पेट्या गॅस आढळतांच नळाची झडप आपोआप बंद करतात. तशी जोडणी असेल तर काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावें. पेटी पुन्हां त्याच उंचीवर बसवावी. सोयीसाठीं ती वर सरकविण्याचा मोह होतो, कारण खालीं लहान मुलें कळा दाबतात. पण तो आवरावा. नवी पेटी लावल्यावर ठिपका तापावयास कांहीं मिनिटें लागतात. तोंवर दिवा लुकलुकतो, त्याला घाबरूं नये. बसवितांना भोंवतीं सिलिकोनचा मसाला मुळींच वापरूं नये. आणि गाडींत नुकताच रंग दिला असेल तर तो पुरता वाळेपर्यंत पेटी खोक्यांतच ठेवावी.

माझ्या विद्यार्थ्यानें नव्या पेटीवरची तारीख एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत उतरवून ती चहा-साखरेच्या कपाटाच्या आंतल्या बाजूला लावली आहे. विम्याच्या कागदांबरोबर कां ठेवली नाहीं असें मीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला, “सर, तें कपाट वर्षांतून एकदां उघडतें, हें दिवसांतून चार वेळां.”